एक किलो कापूस आणि सात आठवड्यांचा फॉर्म

कापूस खरेदीच्या बिलाच्या प्रोग्राममधली दुरुस्ती एका ओळीची होती. ती करायला मला दहा मिनिटं लागली अन् ती चालू व्हायला सात आठवडे. कापसाचा अर्धा हंगाम त्यात गेला. अजूनही डोकं तापतं, म्हणून लिहून काढतोय.

मी हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावातूनच काम करतो. जिनिंगवाल्यांच्या खरेदी-बिलाचं जुनं जावा सॉफ्टवेअर सांभाळणं, हे माझं काम. २०२४-२५ च्या हंगामात शेजारचे काका कापसाची बंडी, म्हणजे बैलगाडी, खाली करून आले ते थेट ओट्यावर. हातात काटापावती अन् बिल. "अबे, काट्यावर ४३५ किलो अन् बिलात ४३४? एक किलो तुह्या कॉम्प्युटरनं खाल्ला काय?"

खाल्लाच होता. भाव क्विंटलचा, म्हणून काट्यावरचे किलो आमच्या प्रोग्राममध्ये ४.३५ क्विंटल होऊन डबलमध्ये, म्हणजे दशांशवाल्या आकड्यांच्या खणात, बसत होते. छपाईच्या वेळी त्याला १०० नं गुणून इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, कोंबलेलं. बायनरीत ४.३५ नेमकं मावत नाही, गुणाकार येतो ४३४.९९९९९९९९९९९९९४, आणि इंटचं कास्टिंग, म्हणजे हे कोंबणं, जवळचा आकडा पाहत नाही, दशांशापुढचं सरळ छाटतं. २.०५, ४.१०, ८.२० क्विंटललाही हेच. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की छाटणी कायम खालीच होते. शेतकऱ्याचं वजन कमीच व्हायचं, जास्त कधीच नाही. मध्यम धाग्याचा हमीभाव तेव्हा ७,१२१ रुपये क्विंटल होता, म्हणजे किलोमागे एकाहत्तर रुपये.

कास्टिंगच्या जागी जवळचा पूर्णांक देणारं मॅथ डॉट राउंड टाकलं, झालं. मग सुरू झाला फॉर्म.

ग्राहक कंपनीच्या नागपूरच्या ऑफिसात 'बदल विनंती' भरावी लागते. त्यातला सातवा रकाना: या बदलाचा इतर कोणत्या बिलांवर परिणाम होईल? मी लिहिलं, "फक्त चुकीच्या." आठ दिवसांनी परत. दुसऱ्यांदा दीड पान समजावून सांगितलं. परत, शेरा: "पुरावा जोडावा." पुराव्यासाठी जुनी बिलं मागितली, तर डेटासाठी वेगळा अर्ज. तो ज्या साहेबांकडे जायचा ते रजेवर. फोन केला की "भाऊ, टेबलावरच आहे तुमचं." टेबलावर आहे हे मलाही ठाऊक होतं! तोवर गावातल्या बंड्या रोज काट्यावर जात होत्या.

पुरावा द्यायचा कसा, हाही प्रश्नच होता. कोड तपासणारी टेस्ट एकही नाही. बिलाचा क्लास, म्हणजे बिलाचा सगळा कोड ठेवलेला साचा, चार हजार ओळींचा, अन् त्यातून ऑब्जेक्ट बनवायला गेलं की तो घडवणारा कन्स्ट्रक्टरच आधी डेटाबेस उघडतो, मग प्रिंटर शोधतो. माझ्या घरी ना तो डेटाबेस, ना तो प्रिंटर. दोन दिवस खोटा डेटाबेस उभा करण्यात घालवले. वाया गेले. करायला हवं होतं ते सोपं होतं: हिशेबाच्या तेवढ्या ओळी वेगळ्या मेथडमध्ये, म्हणजे कोडच्या स्वतंत्र तुकड्यात, काढायच्या, तिला वजन अन् भाव बाहेरून द्यायचा, आत डेटाबेसचं नावही येऊ द्यायचं नाही. हे हातानं कापून-चिकटवून करू नका. कोड लिहायच्या इंटेलिजे प्रोग्राममध्ये ओळी निवडून कंट्रोल-ऑल्ट-एम दाबा, कोणते व्हेरिएबल बाहेरून लागतात ते तो स्वतः काढतो. आणि त्याआधी गिटमध्ये कमिट करा, म्हणजे कोडची आधीची प्रत जपून राहते. मी केलं नव्हतं, नेमकी लाइन गेली, इन्व्हर्टरही बसला.

अक्कल आली ती पाचव्या आठवड्यात, त्याच अंधारात. जुनी बिलं लागतातच कशाला? आमचा काटा पाच किलोच्या टप्प्यानं चालतो. साठ टनापर्यंत धरलं तरी वजनं होतात फक्त १२,०००. सगळीच चालवू! जेयुनिट या जावाच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनात एक लूप लिहिला. आधी जुन्या कोडचं उत्तर, जसं आहे तसं, चुकीसकट, फाइलीत उतरवलं. मग नव्या कोडचं. दोन्ही फाइली त्यांतला फरक दाखवणाऱ्या डिफला दिल्या. निम्म्या मिनिटात यादी समोर. जिथे फरक तिथे बरोबर एक किलो, अन् नवं उत्तर काट्याशी जुळणारं. ती यादी छापून सातव्या रकान्याला टाचली. चौदा दिवसांनी मंजुरी. वाट पाहायची तेवढी पाहावीच लागली, पण या खेपेला एकही शेरा नव्हता.

खरं तर राउंड हे ठिगळच. आता वजन पूर्णांक किलोतच ठेवणारा छोटा क्लास केलाय, क्विंटल फक्त कागदावर दिसतो. पैशांसाठी दशांश नेमका ठेवणारं जावाचं बिगडेसिमल घेतलंत तर त्याला आकडा स्ट्रिंगमधून, म्हणजे मजकूर म्हणूनच, द्या, डबल दिलात तर चूक जशीच्या तशी आत जाते. त्याच्या दोन आकड्यांच्या तुलनेला कंपेअरटू ही मेथड वापरा, इक्वल्स या मेथडला ४.३५ अन् ४.३५० वेगळे वाटतात. हो, अन् गावात नेट जातंच, तेव्हा कोडला लागणाऱ्या लायब्रऱ्या उतरवून प्रोग्राम बांधणाऱ्या मेव्हनला 'डॅश ओ' देऊन चालवा, म्हणजे उतरवलेल्या लायब्रऱ्यांवरच भागवतो.

आधीच्या बिलांतले किलो परत द्यायचे तर 'डेटा दुरुस्ती'चा वेगळा फॉर्म आहे म्हणे. तोही भरलाय, तीच यादी टाचून. काका दर आठवड्याला विचारतात, "माहे एकाहत्तर रुपये आले का?" मी सांगतो, टेबलावर आहेत.