आबा कधी एवढे जाड होते?

"चित्र दिसतंय, पण सगळे मुके झालेत. आणि आबा कधी रे एवढे जाड होते?"

आईचा हा फोन आला तेव्हा मी पुण्यात होतो आणि ती चिपळूणला, टीव्हीसमोर. टीव्हीच्या मागे खोचलेल्या पेनड्राइव्हमधून माझी मुंज चालू होती, मे १९९३ मधली. हा मी पाठवलेला दुसरा पेनड्राइव्ह. पहिल्याला टीव्हीने तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

मुंजीचं शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर झालेलं. एकाच्या खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्याच्या हातात हॅलोजनचा दिवा, आणि मांडवभर लोळणारी वायर सांभाळायला तिसरा एक पोरगा. दिवा अंगावर आला की पाहुणे डोळे बारीक करत, त्यामुळे आमचे निम्मे नातेवाईक त्या कॅसेटमध्ये रागावलेले दिसतात. कॅसेटच्या दोन प्रती होत्या. घरातल्या प्रतीला कोकणातल्या पावसाळ्यांनी पांढरी बुरशी चढवली. दुसरी ताई लग्नानंतर हौसेने न्यू जर्सीला घेऊन गेली आणि तिथे ती चाललीच नाही, पडद्यावर नुसत्या रेघा. आपल्याकडे तेव्हा टीव्ही-व्हिडिओची पाल (PAL) पद्धत होती, ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. तिकडे एनटीएससी, ५२५ ओळी आणि जवळपास ३० चित्रं. निरुपयोगी म्हणून ती तिथल्या कोरड्या कपाटात पडून राहिली, आणि म्हणूनच वाचली. पुढे ताईने ती परत आणली आणि आम्ही एका दुकानात देऊन तिची डीव्हीडी करून घेतली. वेळेत केली म्हणायची. २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि तोवर आमचा व्हीसीआर भंगारवाल्याच्या हातगाडीवरून कधीच गेला होता.

यथावकाश डीव्हीडी प्लेअरही गेला. मग आईचं सुरू झालं, "त्या पेनड्राइव्हमध्ये टाकून दे की."

टाकून देण्याइतकं ते सोपं असतं तर काय हवं होतं. डीव्हीडीतले एकेक जीबीचे तुकडे जोडून मी एक सलग फाइल केली. पेनड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा, फाइल सव्वाचार जीबीची, तरी म्हणे मावत नाही. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा होता, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल जातच नाही. मग ती लहान करायला घेतली. कमी जागेत चांगलं चित्र बसतं म्हणून एच.२६५ ही चित्र दाबून बसवायची नवी पद्धत निवडली, रात्रभर लॅपटॉपचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत राहिला, आणि सकाळी पाऊण जीबीची देखणी एमपी४ तयार झाली. लॅपटॉपवर चालली, माझ्या फोनवर चालली. चिपळूणच्या टीव्हीने मात्र साफ नकार दिला.

"एमपी४ चालतं असं टीव्हीच्या खोक्यावर लिहिलंय," आई म्हणाली. तिचंही बरोबर होतं. पण एमपी४ हे डब्याचं नाव. एव्हीआय, एमकेव्ही हेही डबेच. आत चित्राची एक पुडी, आवाजाची दुसरी, आणि कोणती पुडी कशी बांधलीय ते झाकणावरून कळत नाही. वरून कीर्तन, आतून तमाशा. आईचा टीव्ही २०१२ चा, आणि एच.२६५ प्रमाणित झालं २०१३ मध्ये. म्हणजे टीव्ही त्याच्या बारशाला जेवलेला, पण ओळख दाखवेना! लॅपटॉपचं वेगळं असतं. तिथे व्हीएलसीसारखा प्लेअर पुड्या सोडायची सगळी अवजारं स्वतःबरोबर बाळगतो. (त्याचं ते नारिंगी-पांढरं शंकूचं चिन्ह आहे ना, ते पॅरिसजवळच्या एका कॉलेजातल्या पोरांनी रस्त्यावरून उचलून आणलेल्या शंकूंवरून आलंय. अशा पोरांवर माझा विश्वास बसतो.) टीव्हीत मात्र जी चिप बसवली ती बसवली, ती जेवढं शिकून आली तेवढंच तिला येतं.

दुसऱ्या खेपेला शहाणपणाने जुनं एच.२६४ घेतलं. चित्र दिसलं. आवाजाची पुडी मात्र मी डीव्हीडीतली होती तशीच ठेवली होती, एसी-३ पद्धतीने बांधलेली, आणि पेनड्राइव्हवरून आलेली ती पुडी या टीव्हीला सोडवेना. म्हणून सगळे मुके. जाडीचा दोष टीव्हीचा. जुनं चित्र चारास तीन, हा पडदा सोळास नऊ, आणि पडदा भरायचाच म्हणून टीव्हीने सगळ्यांना आडवं ताणलं. आबा, भटजी, आचारी, सगळे एका रात्रीत खात्यापित्या घरचे झाले.

दिवाळीत गेलो तेव्हा लॅपटॉपच घेऊन गेलो. चित्राला हात न लावता फक्त आवाज एएसी या दुसऱ्या पद्धतीत बदलला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हे आधी सुचलं असतं तर दुसरा पेनड्राइव्ह मुका गेला नसता. रिमोटवर पडद्याच्या आकाराचं बटण शोधून आबांना मूळ मापात आणलं. पेनड्राइव्ह लावला, आई पदर खोचून समोर बसली, आणि आवाज आला.

सनईचा. नुसती सनई. त्या काळचे व्हिडिओवाले मूळ आवाज पुसून वरून संगीत चढवत, ते मी विसरलोच होतो. मंगलाष्टकांवर सनई, भिक्षावळीवर सनई, माझ्या रडण्यावरही सनई. आई काही बोलली नाही. तबक घेऊन वाती वळायला लागली.

मातृभोजनाला मात्र व्हिडिओवाल्याचा हात चुकला असावा. सनई मध्येच तुटली, भांड्यांचा, माणसांचा कालवा ऐकू आला, आणि चित्रात नसलेले आबा खणखणीत आवाजात म्हणाले, "ए वायरवाल्या, पाय बघ, ताटात जाईल!" मग कॅमेरा त्यांच्याकडे वळला. हातात पळी, कपाळाला आठ्या. बारा सेकंद, की पुन्हा सनई.

"मागे घे," आई म्हणाली.

रिमोटचं मागे जायचं बटण दाबलं तर टीव्ही थेट गणपतीच्या फोटोपासून सुरू झाला. दोनदा. शेवटी मी ती बारा सेकंदं कापून तिच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आबांचा आवाज येत होता: पाय बघ, ताटात जाईल. थोडी शांतता, पुन्हा पाय बघ.

मी जाऊन पाहिलं. डीव्हीडीचं चित्र मुळात थोडं अरुंद साठवलेलं असतं, दाखवताना ते रुंद करायचं असतं, आणि तसं सांगणारी फाइलमधली खूण वाटेत कुठेतरी गळाली होती. फोनवर आबा उभट, जरा बारीक दिसत होते.

"दे इकडे, नीट करून देतो," मी म्हटलं.

"राहू दे," आई म्हणाली. "शेवटी शेवटी असेच झाले होते."