नाना नेमके त्या फोटोवर थांबले

रविवार, रात्री

काल नानांना मोबाइलवर फोटो दाखवले, तेव्हापासून मनात काहीतरी खुपतंय. रागावण्यासारखं काहीच झालं नाही. ताईला सांगितलं तर म्हणाली, "एवढंच?" हो, एवढंच.

माथेरानला शेकरू दिसतं असं सगळे सांगतात. दिसतं म्हणजे शेंड्याला फांदी हलते आणि शेपूट पानाआड जाते. फोटो काढावा तर मागे पांढरं आभाळ, म्हणजे हाती नुसती काळी आकृती. यावेळी ते अंजनीच्या आडव्या फांदीवर पोट टेकून पडलं होतं, डोक्याच्या जरासंच वर, मागचे पाय दोन्हीकडे लोंबते सोडलेले. पानांतून आलेला कवडसा नेमका त्या तांबूस पाठीवर. केस न् केस आलाय फोटोत. आणि त्याच सकाळी धुकं विरत असताना वळणावर माथेरानची छोटी रेल्वेगाडीही मिळाली, नाना जिच्या ब्रेकवर काम करायचे ती. जंगल, शेकरू, गाडी, सगळं एका सकाळीत. घरी येईपर्यंत मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तेच तेच बघत होतो.

नानांनी शेकरूवर बोट फिरवलं आणि पुढे गेले. गाडीवरूनही तसेच. "छान," म्हणाले. वरण कसं झालंय विचारलं की म्हणतात तसं.

मग रुळाचा फोटो आला. तो मी उजेडाचा अंदाज घ्यायला काढला होता, फोकससुद्धा धड नाही. एकच रूळ, त्यावर दव, दवात चिकटलेली जांभळीची पानं, त्यांतलं एक चाकाखाली चिरडून रुळालाच बसलेलं. नानांनी चष्मा वर सारला. दोन बोटांनी फोटो मोठा केला (हे त्यांना कुणी शिकवलं?) आणि बघत राहिले.

"इथं घसरलं असणार."

"काय?"

"चाक. पाला ओला असला की जागच्या जागी फिरतं. वाळू टाकायला लागते."

बोलताना त्यांचा उजवा हात मांडीवर हळूहळू फिरत होता, ब्रेकचं चाक आवळावं तसा. मग मोबाइल परत दिला आणि चहा मागितला.

मला वाईट का वाटलं? आधी मनाची समजूत घातली की नजर कमी झाली असेल. पण चिरडलेलं पान दिसलं त्यांना. म्हणजे शेकरूही दिसलं होतं. दिसूनही ते थांबले नाहीत. ऑफिसात त्या फोटोवर सगळे थांबले. पण ज्यांनी थांबावं म्हणून इतके हिवाळे मी तो डोंगर चढतोय... आई असती तर तिने निदान विचारलं असतं, किती वेळ उभा होतास म्हणून. जाऊ दे.

रेल्वेबद्दल मला काय माहीत नाही? आदमजी पीरभॉयांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी मार्ग बांधला, १९०४ ते १९०७. दोन फुटी गेज (दोन रुळांतलं अंतर), २१ किलोमीटरच्या आसपास, विसात एकाचा चढ, म्हणजे वीस फुटांना एक फूट. प्रत्येक फोटोखाली मी हे लिहितो. नानांच्या तोंडून १९०७ हा आकडा कधी ऐकला नाही. विसात एकाचा चढ त्यांच्या मनगटात आहे. प्रत्येक डब्याच्या ब्रेकवर एक माणूस; शिटी झाली की आवळायचं, शिटी झाली की सोडायचं, पायथ्याचं नेरळ येईपर्यंत.

आज सकाळी न राहवून विचारलंच. "तुम्हाला शेकरू दिसायचं का हो तेव्हा?"

"दिसायचं की. गाडीला भीत नव्हतं ते. पण मी ते बघत बसलो असतो तर डबा कोणी धरला असता?"

चिडून नव्हते बोलले. साधं उत्तर होतं. त्यानंतर दुपारभर मला जुन्या गोष्टी आठवत राहिल्या. २००५च्या जुलैत मार्ग वाहून गेला आणि २००७पर्यंत गाडी बंद होती, तेव्हा ते पेपर उघडला की आधी विचारायचे, "झाली का चालू?" २०१९च्या पावसानंतर पुन्हा तेच, थेट २०२२च्या ऑक्टोबरात नेरळहून गाडी सुटेपर्यंत. मी म्हणायचो, होईल हो, कशाला जिवाला लावून घेता. आता तो उजवा हात धड वर होत नाही आणि... ते आज नको.

रुळाचा फोटो संध्याकाळी मोठ्या पडद्यावर लावून पाहिला. अजूनही तो मला चांगला फोटो वाटत नाही, शेकरूचाच चांगला आहे, आणि तसं मी नानांनाही सांगेन. पण नानांना त्यात चाक घसरताना दिसलं. माझ्या कुठल्याच फोटोत आजवर कुणाला काही होताना दिसलं नव्हतं. खुपणं अजून आहे, मात्र सकाळच्या मानाने बरंच कमी.

जेवताना त्यांनी आपणहून विषय काढला. "तो रूळ वॉटर पाइप स्टेशनच्या वरचा की खालचा?"

"वरचा. अमन लॉज स्टेशनच्या अलीकडचा."

"मग पुढच्या खेपेला सांध्याचा काढ. जवळून. दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीचे, फिश प्लेटचे, बोल्ट दिसले पाहिजेत."

कुठल्या वळणावरचा सांधा, ते विचारेपर्यंत ते हात धुवायला उठले होते. उद्या सकाळी विचारतो, आणि सोबत वहीही नेतो.