कुलूप शाबूत होतं

सकाळी पावणेसातला मिस्त्रींचा फोन आला. मिस्त्री एवढ्या लवकर कधी फोन करत नाहीत त्यामुळे उचलतानाच पोटात गोळा आला. ते एवढंच म्हणाले, "मालक, मागचं दार उघडं आहे. मी आत पाय टाकला नाहीये, तुम्ही या."

आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, माझ्यासकट सहा जण काम करतो. आदल्या दिवशी सुट्टी होती आणि सुट्टीच्या आधी मी स्वतः सगळं बंद करून गेलो होतो, पुढच्या शटरला सेंटर लॉक, दोन्ही बाजूंना साइडची कुलपं, आणि मागच्या दाराला मुद्दाम आणलेलं जाडजूड कुलूप ज्याचा दांडा कापायला बोल्ट कटरसुद्धा चालत नाही असं दुकानदाराने सांगितलं होतं. गाडी चालवताना डोक्यात एकच चाललं होतं की ते कुलूप तोडलं कसं असेल.

तोडलंच नव्हतं. मी पोचलो तेव्हा कुलूप चौकटीला लोंबकळत होतं, बंदच्या बंद, एक ओरखडा नाही. कुलपासोबत कडीची पट्टी पण लटकत होती आणि पट्टीच्या चार भोकांत चार स्क्रू, पाऊण इंची, साधे लाकडात पिळलेले, प्रत्येकाच्या आट्यांत दाराचं जुनं लाकूड भुशासारखं अडकलेलं. पट्टीच्या मागे पहार घालून एक हिसका दिला की आलं बाहेर. पहार तिथेच पडली होती आणि ती आमचीच होती, मागच्या बाजूला भंगारात कित्येक महिने पडून होती. मी ते चार स्क्रू बघत तसाच उभा राहिलो. इतकी वर्षं कुलूप भारी घेत आलो, पण कुलूप ज्याला लावतोय ते कशाच्या जिवावर उभं आहे हे एकदाही बघितलं नव्हतं.

आत गेलो तर आमचा सगळ्यात लहान पोरगा मागून आलाच होता आणि रोजच्या सवयीने त्याने झाडू उचलला. मी ओरडलो, झाडू ठेव खाली! तो बिचारा दचकला. पण सुतारकामाच्या जागेत जमिनीवर बारीक भुसा असतो आणि त्यावर सगळं उमटलेलं होतं, दोन वेगवेगळ्या बुटांचे ठसे, कॉम्प्रेसर ओढत नेल्याच्या दोन सरळ रेघा, टेबलापाशी कोणीतरी गुडघा टेकल्याची खूण. पोलिसांनी नंतर सगळ्यात जास्त फोटो त्याच भुशाचे काढले. तुमच्याकडे असं कधी झालं (होऊ नये) तर पहिली गोष्ट ही की कशालाही हात लावू नका, सगळ्यांना बाहेर थांबवा आणि मग फोन करा, आवरून ठेवायची घाई अजिबात करू नका.

गेलेल्या मशिनी ११. राऊटर, दोन ड्रिल, तीन ग्राइंडर, कटर, जिगसॉ, सँडर, हातातलं इलेक्ट्रिक प्लेनर, कॉम्प्रेसर. आणि मिस्त्रींची पेटी.

ती पेटी मला नीट सांगितलीच पाहिजे. लाकडाची, त्यांनी स्वतः बनवलेली, आत पटाश्या, गुण्या, गिरमिट, छोटी करवत आणि त्यांच्या वडिलांचा रंधा. त्या रंध्याची मूठ हाताने घासून घासून इतकी गुळगुळीत झाली होती की अंगठा जिथे बसतो तिथे खळगाच पडला होता, आणि तो खळगा वडिलांचा होता, मिस्त्रींचा अंगठा त्यात आयता बसायचा. मशीनचं काम झालं तरी शेवटचा हात ते त्या रंध्यानेच मारायचे. पेटी जिथे असायची त्या कोपऱ्यात ते पाच मिनिटं नुसते उभे होते, काही बोलले नाहीत.

पोलिस आले, पंचनामा झाला. कॅमेरे आहेत का विचारलं तर मी म्हणालो आहेत ना, दोन आहेत. पण रेकॉर्डर ऑफिसच्या टेबलावर होता, लाल लाइट लुकलुकत असायची, ती अंधारात लांबूनही दिसते. तिथे आता फक्त कापलेल्या वायरी होत्या. म्हणजे चोरांचं रेकॉर्डिंग चोरच घेऊन गेले. कॅमेरा बसवणाऱ्याने तेव्हा सांगितलं होतं की रेकॉर्डर माळ्यावर कुलपात ठेवा आणि मोबाइलवर पण कॉपी जाऊ द्या, मी म्हणालो होतो बघू नंतर. शेजारच्या गोडाऊनच्या कॅमेऱ्यात मात्र एक टेम्पो सापडला, २ वाजून १० मिनिटांनी. तिथल्या एका हवालदारांनी लगेच स्वतःचा मोबाइल काढून स्क्रीनवरच्या वेळेशी जुळवला तर रेकॉर्डरचं घड्याळ ४० मिनिटं मागे होतं. म्हणजे खरी वेळ २:५०. हे कळलं नसतं तर पुढच्या रस्त्यावरचे कॅमेरे चुकीच्या वेळेला बघत बसलो असतो. मी आता दर महिन्याच्या १ तारखेला आमच्या रेकॉर्डरचं घड्याळ तपासतो.

मग त्यांनी विचारलं, कोणावर संशय? आणि माझ्या तोंडावर एका पोराचं नाव आलं होतं, जो दोन महिन्यांपूर्वी भांडून काम सोडून गेला होता, चोरांना पेटीची जागा माहीत होती असं मला वाटत होतं. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "मालक, दार आपलं कच्चं होतं. त्याचं नाव कशाला घेता?" मी गप्प बसलो. पुढे जे पकडले गेले त्यांचा त्या पोराशी काहीएक संबंध निघाला नाही. मी त्या दिवशी नाव घेतलं असतं तर त्याच्या घरी पोलिस गेले असते, हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

दुपारी खरी अडचण सुरू झाली. तक्रारीत मशिनींचे सिरियल नंबर लिहायचे होते. मी बिलांची फाइल काढली तर बिलावर नुसतं "ड्रिल मशीन, २ नग". त्याच कंपनीच्या तशाच मशिनी हजारो जणांकडे असतात, समोर सापडली तरी माझी आहे हे सिद्ध कशावरून करणार? तेव्हा तो झाडूवाला पोरगा पुढे आला आणि म्हणाला, दादा, खोकी आहेत. मी त्याला कितीदा सांगितलं होतं की माळ्यावरची रिकामी खोकी फेकून दे, जागा अडते, आणि त्याने फेकली नव्हती कारण त्याला वाटायचं वॉरंटीला लागतील. खोक्यांवर नंबरचे स्टिकर तसेच होते. ११ पैकी ७ मशिनींचे नंबर मिळाले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जास्त काही बोलता आलं नाही.

इन्शुरन्सवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले दार दुरुस्त करायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, कारण आमच्या पॉलिसीत चोर जबरदस्तीने घुसल्याची खूण दिसणं गरजेचं होतं. आणि कामगारांची स्वतःची हत्यारं त्यात धरलेलीच नव्हती. म्हणजे माझ्या मशिनींचं काहीतरी मिळणार होतं आणि मिस्त्रींच्या पेटीचं काहीच नाही. पॉलिसी घेताना मी तो कागद वाचला असता आणि एक ओळ वाढवून घेतली असती तर झालं असतं, ही गोष्ट मला पैशाच्या नुकसानीपेक्षा जास्त लागली. आता ती ओळ आहे, प्रत्येकाच्या हत्यारांच्या यादीसकट.

संध्याकाळी आतून प्लायवूड ठोकून दार बंद केलं आणि मी नि मिस्त्री रात्री तिथेच झोपलो, झोपलो म्हणजे पडून राहिलो. तेव्हाच अंधारात दाराचं ठरवलं. आता कडीला स्क्रू नाहीत, आरपार बोल्ट आहेत, बाहेरून गोल डोकी ज्यांना पाना लागत नाही, आतून लोखंडी पट्टी आणि त्यावर नट. चौकटीकडच्या कोयंड्याला पण तेच. दार बाहेर उघडतं म्हणजे बिजागरीची खीळ बाहेरच्या बाजूला असते, ती ठोकून काढली की कुलूप न उघडता दार निघतं, म्हणून खिळीच्या दोन्ही टोकांना वेल्डिंगचा टाका मारला. शिडी, पहार, पाने रात्री बाहेर काहीही राहत नाही. मेन स्विच बंद करूनच जायचं, म्हणजे आत कोणी घुसलं तरी आमच्याच ग्राइंडरने आमचं कपाट कापता येऊ नये.

तीनेक आठवड्यांनी एका जुन्या सामानाच्या विक्रेत्याकडे ५ मशिनी सापडल्या. ४ चे नंबर जुळले आणि कोर्टाची परवानगी मिळाल्यावर परत आल्या. पाचवं ग्राइंडर माझंच होतं, त्याच्या गार्डवरचा पोचा मी ओळखला, पण त्या ग्राइंडरचं खोकं नव्हतं, नंबर माहीत नव्हता, ते तिथेच राहिलं.

पेटी मिळाली नाही. लाकडी हत्यारांना कोण विचारतं, वाटेत कुठेतरी फेकून दिली असेल असं मिस्त्री म्हणतात. मी त्यांना सगळा नवीन सेट आणून दिला, आधी घेईनात, मग घेतला. पटाश्यांना धार लावण्यात त्यांचे दोन दिवस गेले, आणि मग त्यांनी गॅसवर खिळा लाल केला आणि एकेका मुठीवर आपल्या नावाचं अक्षर डागलं. ते बघून बाकीच्यांनीही आपापली हत्यारं आणली. पोरगा नंबर वाचून दाखवत होता, मी वहीत लिहीत होतो, धुराचा वास सगळीकडे. नवीन रंध्याने ते काम करतात, चांगलं करतात, पण मधेच थांबून मूठ हातात फिरवून बघतात. अंगठा अजून बसत नाही म्हणतात.