पावती, पावत्या आणि ग्रेप

"अर्ध्या तासाचं काम आहे," असं मी फोनवर सांगून टाकलं. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये जिथे 'पावती' आहे तिथे 'बिल' करायचं, एवढंच तर होतं. टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडलं, फाइलींमध्ये शब्द शोधणाऱ्या ग्रेप या कमांडला 'आर' (आतल्या सगळ्या फोल्डरांत बघ) आणि 'एन' (ओळीचा क्रमांक दे) सांगितलं, एंटर दाबलं. फाइलचं नाव, कोलन, ओळीचा क्रमांक, कोलन आणि पुढे लाल झालेली 'पावती'. तेवीस ओळी. एका कमांडने सगळ्या बदलल्या आणि चहाला गेलो.

तिसऱ्या दिवशी फोन. "वर 'बिल' आहे, मग खाली 'जुन्या पावत्या' कशा?"

ग्रेपचा यात काही दोष नाही. केन थॉम्पसनने १९७३च्या सुमारास बेल लॅब्समध्ये तो लिहिला. 'ईडी' या एडिटरमध्ये सगळ्या ओळी धुंडाळून जुळतील त्या छापायच्या असतील तर जी (सगळीकडे), आरई (शोधायचा नमुना), पी (छाप) अशी आज्ञा द्यायची. तेच त्याचं नाव झालं. इंग्रजीत अनेकवचनाला बहुतेक वेळा शेवटी एक 'एस' चिकटतो, मूळ शब्द शाबूत राहतो. आपल्याकडे 'पावत्या' झाल्या की 'ती' उरतच नाही. 'पाणी' शोधणाऱ्याला 'पाण्यात' सापडत नाही, 'माणूस' शोधणाऱ्याला 'माणसं' दिसत नाहीत. शाळेत सामान्यरूपाचे दोन मार्क मी नेहमी सोडून द्यायचो, ते असे वसूल झाले.

मग नुसतं 'पावत' शोधलं. पावत्या मिळाल्या, पण चाचणीच्या फाइलमध्ये कुणीतरी ग्राहकाचं नाव 'नवसाला पावतो' ठेवलं होतं, तोही आला. शेवटी 'पावत'पुढे चौकटी कंस करून त्यात दुसरी वेलांटी आणि पाय मोडायचं चिन्ह, एवढंच ठेवलं; म्हणजे पुढे या दोनपैकी एक असेल तरच जुळणार. अक्षराविना वेलांटी पडद्यावर ठिपक्यांच्या गोलाला धरून उभी राहते, बिचारी. पण काम झालं.

संध्याकाळी पुन्हा फोन. "'तुमची बिल तयार आहे' हे काय मराठी आहे?"

खरंच की. पावती ती, बिल ते. पुन्हा टर्मिनल. या वेळी दुसरी वेलांटी, एक मोकळी जागा आणि 'बिल'. नऊ ओळी आल्या. त्यांतली एक 'किती बिल झालं?' होती, ती निर्दोष सुटली.