फ्लॅश गेम, प्लेअरविना: कुठवर आलं काम

फ्लॅश म्हणजे ब्राउझरमध्ये गेम आणि चलचित्रं चालवायचं अडोबीचं जुनं तंत्र. ते चालवणारा प्लेअर बंद झाला, म्हणून माझे दोन जुने गेम त्याच्याशिवाय चालते करतोय.

अ‍ॅक्शनस्क्रिप्ट २ या फ्लॅशच्या भाषेतला माझा जुना कोड्यांचा गेम आता रफलमध्ये पहिल्या लेव्हलपासून शेवटच्यापर्यंत चालतो. कोडला हात लावावा लागला नाही. रफल हा रस्ट भाषेत लिहिलेला एम्युलेटर, म्हणजे फ्लॅश प्लेअरची नक्कल करणारा प्रोग्रॅम; ब्राउझरमध्ये तो वेबअसेम्ब्ली (ब्राउझरला चालवता येणारं कोडचं रूप) म्हणून चालतो. जुन्या शेअर्ड ऑब्जेक्टमधला, म्हणजे फ्लॅशच्या सेव्ह फाइलमधला, स्कोअर तो ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवतो, त्यामुळे सेव्हसुद्धा टिकतं. या गेमबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

घाम काढतोय तो दुसरा, अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ३ वाला. ती भाषा चालवतं एव्हीएम२: २००६ मध्ये फ्लॅश प्लेअर ९ सोबत आलेलं वेगळंच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कोड चालवणारं सॉफ्टवेअरमधलं यंत्र. म्हणजे एम्युलेटर लिहिणाऱ्यांना एकाच्या जागी दोन मशीन उभी करावी लागतात, आणि रफलचं दुसरं अजून पूर्ण झालेलं नाही. म्हणून हा गेम मी हेक्स ही भाषा आणि ओपनएफएल ही फ्लॅशसारखी लायब्ररी यांवर नेतोय. फ्लॅशमधले स्प्राइट, बिटमॅपडेटा, इव्हेंट लिसनर सगळे ओळखीच्या नावांनी भेटतात. हेक्समध्ये सी-पद्धतीचा फॉर लूप नाही, तेवढी चिडचिड होते.

खरी मजा आकृत्यांमध्ये. एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या तयार गेमच्या फाइलमधून त्या एसव्हीजी या वेबवरच्या चित्रांच्या फॉरमॅटमध्ये काढायला छोटी स्क्रिप्ट लिहितोय. मापं ट्विपमध्ये, म्हणजे पिक्सेलच्या विसाव्या भागात. तो साधा भागाकार. पण फ्लॅश बंद आकार साठवतच नाही, नुसत्या कडा साठवतो, आणि प्रत्येक कडेला दोन रंग: एका बाजूचा एक, दुसऱ्या बाजूचा दुसरा. शेजारचे दोन आकार एकच कड वाटून घेतात. एसव्हीजीला मात्र प्रत्येक आकार स्वतंत्र हवा. म्हणून रंगागणिक कडा गोळा करायच्या, काही उलट्या फिरवायच्या, मग टोकाला टोक जुळवत आकार बंद करायचा. साधे आकार नीट निघतात. पात्रांच्या चेहऱ्यात अजून भोकं पडतात.

फ्लॅशचं पुढे काय, यावर माझं मत या कामातूनच बनलंय. ३१ डिसेंबर २०२० ला अडोबीने प्लेअरचा आधार काढला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात काही चालेनासं झालं. पण गेला तो प्लेअर. एसडब्ल्यूएफच्या स्पेसिफिकेशनवरचे निर्बंध २००८ मध्येच उठले होते, त्यामुळे फाइल वाचता येते, आणि वाचता येते तोवर ती चालवणारा कुणीतरी निघेल. माझ्या मते खरं नुकसान फ्लॅशच्या एडिटरचं, म्हणजे गेम बनवायच्या प्रोग्रॅमचं आहे. चित्रकार आणि प्रोग्रॅमर एकाच टाइमलाइनवर बसायचे. ओपनएफएलने फ्लॅशचं एपीआय (कोडमधून वापरायच्या आज्ञा) उचललं, ती सोय नाही उचलली. (अ‍ॅनिमेट, म्हणजे त्याच एडिटरचं नवं नाव, अजून आहे, पण त्यातून ओपनएफएलपर्यंत पोचायला मध्ये एक्स्पोर्टची पायरी येतेच.)

ज्यांच्याकडे मूळ एफएलए, म्हणजे एडिटरमध्ये उघडून बदलता येणाऱ्या फाइली आहेत त्यांनी त्या फेकू नका. एडिटरच्या सीएस५ आवृत्तीपासूनची एफएलए म्हणजे झिप केलेलं एक्सएमएल, वाचता येणारा मजकूर. उघडून बघा, आकृत्या तिथून काढणं सोपं जाऊ शकतं. माझ्याकडे फक्त एसडब्ल्यूएफ उरलीय, म्हणून हा खटाटोप. आता आधी चेहऱ्यांची भोकं बुजवायची, आवाजाचं नंतर.