परिपाठाला आलेला पाहुणा

आज परिपाठाला मोटिव्हेशनल स्पीकर बोलावलेला, पंचविशीतला पोरगा, कॉलर माईक, पांढरे शूज, आल्या आल्या "आवाज नाही आलाऽऽ". पोरं बेंबीच्या देठापासून ओरडली. मानधन ऐकून आमचे पीटीचे सर गप्पच, त्यांना व्हॉलीबॉलची नेट मागून वर्ष झालं (असो). बोलला बरा, पण उदाहरणं सगळी परदेशातली. अरे आपल्या नाशिकची कविता राऊत, सावरपाड्याची, २०१० च्या कॉमनवेल्थला १०,००० मीटरमध्ये ब्राँझ, चांदवडकडचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकला रोईंगमध्ये, हे पोरांना कोण सांगणार? सातवीतली एक उठून म्हणाली, सर तुम्हाला गणितात किती होते? गडी हसला, म्हणाला पस्तीस! खऱ्या टाळ्या तिथंच पडल्या. पुढच्या वेळी मी दत्तूचं नाव सुचवणार, बघू मॅनेजमेंट काय म्हणतंय.