माशा मारण्याचा उद्योग

आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझी ओळख ‘माशा मारणारी’ अशी आहे. तक्रार करायला जागा नाही. पिकल्या केळ्याभोवती घोंघावणाऱ्या त्या बारीक फळमाशा मी बाटल्यांतून पाळते, त्यांच्यात माणसाचा एक जनुक घालते आणि त्या म्हाताऱ्या झाल्या की त्यांचा मेंदू उघडून बघते. हे सगळं ज्या रोगासाठी, तो पार्किन्सन्स, म्हणजे आपला कंपवात.

बघण्याचा हा नाद शाळेतला. प्रयोगशाळेत धड चालणारा सूक्ष्मदर्शक एकच, तोही कुलपात. शास्त्राच्या बाई तो बाहेर काढायच्या तेव्हा रांग व्हरांड्यात जायची. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती सगळ्यांनी पुस्तकातल्यासारखी काढली. मी पेशींच्या मधोमध आलेला हवेचा बुडबुडाही काढला. वर्ग हसला. बाईंनी मात्र त्या बुडबुड्याला बाण काढून ‘हवा’ असं लिहायला लावलं आणि पूर्ण गुण दिले.

फ्रिड्रिश लेवी या जर्मन डॉक्टरने १९१२ मध्ये वेगळं काय केलं? पार्किन्सन्सने गेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या पेशींत त्याला गोल गाठी दिसल्या, त्या त्याने नोंदवून ठेवल्या. त्या कशाच्या आहेत हे कळायला १९९७ उजाडलं. मी तेव्हा ठाण्याहून लोकलने व्हीटी आणि तिथून बसने कुलाब्याला, टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) जाणारी नवखी विद्यार्थिनी होते. इटलीतल्या एका घराण्यात पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या पार्किन्सन्सचं मूळ अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकात सापडलं, आणि काही महिन्यांतच लेवीच्या गाठीही त्याच प्रथिनाच्या निघाल्या. टीआयएफआरमध्ये शास्त्रज्ञ ओबेद सिद्दिकींपासून माशांवर संशोधनाची परंपरा होतीच. फळमाशीत हे प्रथिन मुळात नसतं. पण २००० मध्ये अमेरिकेत माणसाचा तो जनुक माशीत घातला गेला. वय वाढलं तशा तिच्या मेंदूतल्या डोपामिन (हालचालींसाठी लागणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या, गाठी दिसल्या आणि तिला बाटलीच्या भिंतीवर चढवेना. तेव्हापासून मी त्याच वाटेने चालले आहे.

औषधाबद्दल सगळेच विचारतात. शाळेच्या येऊरच्या सहलीत एकाने दुसऱ्याच्या कॉलरमध्ये खाजकुयली टाकली होती, आठवतं ना? (नाव लिहीत नाही, गृहस्थ आता प्रतिष्ठित आहेत.) त्याच खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, मेंदूत ज्याचं डोपामिन होतं ते. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय शास्त्रज्ञांनी ते १९३७ मध्येच बियांतून वेगळं काढलं होतं, पण पार्किन्सन्सच्या मेंदूत डोपामिन कमी पडतं हे कळलं १९६० मध्ये. पुढे १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत डॉ. कॉटझियास यांनी लेव्होडोपाचे मोठे डोस देऊन माणसं हिंडतीफिरती केली. आजही मुख्य औषध तेच. ते डोपामिनची तूट भरून काढतं. पेशी मरायच्या थांबत नाहीत. त्या थांबवणारं औषध अजून कुणाकडेच नाही, माझ्याकडेही नाही.

शास्त्राच्या बाईंबद्दल पुढचं त्यांच्या परवानगीने लिहिते. फळ्यावरचं त्यांचं टपोरं अक्षर सगळ्यांना आठवत असेल. निवृत्तीनंतर नौपाड्यातल्या घरून दिवाळीला त्यांचं शुभेच्छापत्र यायचं, आणि त्यातलं अक्षर दरवर्षी बारीक होत गेलं. ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. मी भेटायला गेले आणि आधी विचारलं ते हिंगाबद्दल. फोडणीचा वास कितीतरी वर्षांत आला नव्हता. हात तर अजून थरथरतही नव्हता. वास जाणं आणि अक्षर आकसणं, दोन्ही या रोगात दिसतात; वास तर कंप सुटण्याच्या बराच आधी जाऊ शकतो. निदान डॉक्टरांनी केलं, मी नाही. आता बाई ‘गोळी चढली’, ‘गोळी उतरली’ (म्हणजे तिचा परिणाम सुरू झाला, ओसरला) अशा भाषेत बोलतात आणि जेवणाच्या ताटावर गोळी घेत नाहीत, कारण डाळी-उसळींतली प्रथिनं लेव्होडोपाच्या वाटेत येतात.

गाठींची छायाचित्रं मी त्यांना दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं, “या गाठी पेशीला मारतात, की पेशीनेच घाण एका जागी बांधून ठेवली आहे?” यावर अख्ख्या परिषदा भांडतात. मोठ्या गाठीपेक्षा तिच्याआधी तयार होणारे छोटे पुंजके जास्त घातक असावेत, असं माझ्यासह बऱ्याच जणांना वाटतं. सगळ्यांना पटलेलं नाही. बाईंनाही नाही.

आपल्या शाळेच्या आताच्या नववीसाठी एक प्रयोग सुचवते, माणसाचा जनुक वगैरे काही न घालता. फळमाशी साधारण दोन महिने जगते. आठवड्याभराच्या आणि महिन्याहून मोठ्या माशा दोन वेगळ्या नळ्यांत घ्या, नळ्या हलकेच आपटून त्यांना तळाशी पाडा आणि दहा सेकंदांत किती जणी ठरावीक रेघेच्या वर चढतात ते मोजा. आम्ही हेच करतो, फक्त नळ्या जास्त असतात. माशा मी आणून देईन, शनिवार सोयीचा.